उरलं त्याचं नाव काय?

ताश-बुलाकच्या दरीत टोपी पडली तर ती तळाला पोचेपर्यंत जुनी होते. बुरुलकानच्या नवऱ्याची एक अशीच पडली होती, नवी कोरी, पांढऱ्या लोकरीच्या नमद्याची. खालच्या गावातल्या मासे धरणाऱ्याला ती सापडली तेव्हा तिच्यात चिमण्यांची दुसरी पिढी नांदत होती. पटत नसेल त्याने स्वतःची टोपी टाकून बघावी.

दरीच्या अलीकडे वाडी आणि पलीकडे उन्हाळी कुरण. मधल्या हवेत एक पोलादी दोर, दोराला लटकलेला लाकडी खोका, आणि अलीकडच्या काठावर खोका ओढणारं एक डिझेलचं इंजिन. खोक्यात सात मेंढरं मावत. सातवं जरा ढकलून बसवावं लागे. आठवं बसवलं तर दोर असा कण्हायचा की पलीकडच्या डोंगरावरची गिधाडं जेवणाच्या आशेने खाली येत.

वाडीत धुराडी चार, पण चारांत एक अध्यक्ष होता. कुरण समितीचा अध्यक्ष शेरगाझी. समितीत दुसरं कोणी नसल्यामुळे सगळे ठराव एकमताने होत. इंजिनाची चावी त्याच्या गळ्यात असे; न्हाताना तो टोपी काढी, चावी नाही.

गेल्या वर्षी त्याने इंजिनाशेजारी बोर्ड ठोकला. निळ्या रंगात, ठसठशीत अक्षरांत: ‘ज्या घराच्या कळपाला सातने निःशेष भाग जातो, तोच कळप पूर्ण पलीकडे जाईल. शेष अलीकडे राहील.’ कारण काय, तर अर्ध्या रिकाम्या खोक्यापायी डिझेल फुकट जातं. शेष राहिलेली मेंढरं अध्यक्ष स्वतःच्या वाड्यात सांभाळणार होते, आणि त्यांनी ती सांभाळलीही. पण भर उन्हाळ्यात लांडगा आला. बुरुलकानची तीन मेंढरं गेली, शेजारच्या ओस्मोनकुलची पाच. लांडगा मोठा टापटिपीचा होता. कातडी सोलून, मीठ लावून, कुंपणावर वाळत घालून गेला. आणि जाताना चिरलेल्या कांद्याचा वास मागे ठेवून गेला.

यंदा कुरणावर चढायची वेळ आली तेव्हा वाडीतलं गवत पिवळं पडून कुरकुरत होतं. बुरुलकानने पहाटेच कळप हाकून दरीच्या काठावर आणला. शेरगाझीने एकेक शेपूट मोजली.

“पन्नास,” तो म्हणाला. “अपा, पन्नासला सातने भाग जात नाही. एक ठेवा इथं.”

“जात नाही कसा?” बुरुलकान सासरच्या पुरुषांची नावं घेत नसे. लग्न होऊन आल्या दिवशी सुनेला ती सोडावी लागतात आणि प्रत्येकाला एकेक टोपणनाव द्यावं लागतं. शेरगाझीचा बाप तेव्हा घरचा थोरला होता; त्याचं नाव तिने कधी उच्चारलं नाही, आणि नाक पुसत फिरणाऱ्या या पोराचंही नाही. आता त्याला मिशी होती, पद होतं. तिच्या लेखी तो होता चावीवाला. “चावीवाल्या, माझ्या लग्नात एकच मेंढा होता आणि चाळीस पाहुणे. गेला की नाही भाग? कमरेचं हाड थोरल्याला, शेपटाची चरबी थोरलीला, कान लेकरांना. कोण उपाशी उठलं सांग! तुझा बाप तर नळी चोखत दारापर्यंत गेला होता. एका मेंढ्याला चाळिसांनी भाग जातो आणि पन्नास मेंढरांना सातने जात नाही?”

“ते जेवण झालं. हे गणित आहे.”

“मग गणिताला जेवायला येत नाही म्हण.”

“अपा, बोर्ड स्पष्ट आहे. शेष एक.”

“बरं. शेष एक. कोणती?”

“कोणतीही.”

“कोणतीही नावाची मेंढी माझ्याकडे नाही. नाव सांग.”

शेरगाझीने बोर्डाकडे बोट दाखवलं, चावी सदऱ्यात टाकली आणि चहाला निघून गेला.

बुरुलकान तडक माम्यत आगायकडे गेली. आगाय म्हणजे मास्तर. वाडीच्या चौथ्या धुराड्याखाली ते, त्यांचा रेडिओ आणि एक गाढव असा संसार होता. खालच्या गावच्या शाळेत जन्मभर त्यांनी गणित शिकवलं. शेरगाझीलाही त्यांनीच शिकवलं होतं, पण त्याबद्दल कोणी त्यांना बोल लावत नसे.

“आगाय, हा भाग जातो म्हणजे नक्की काय होतं? कोण जातं, कुठं जातं?”

मास्तरांनी पिशवीतून मेंढ्यांच्या घोट्याची हाडं काढली. पोरं ज्यांनी खेळतात तीच, घासून गुळगुळीत झालेली. पन्नास मोजून तिच्यासमोर सतरंजीवर ओतली.

“सात-साताच्या ओळी लाव.”

बुरुलकानने ओळी लावल्या. सात ओळी भरल्या आणि एक हाड तिच्या हातात राहिलं. ते तिने पहिल्या ओळीत सारलं.

“अं हं,” मास्तर म्हणाले. “आठ झाले. इथं कुणाला मानाचं जास्त नाही. जेवणातली वाटणी मानाप्रमाणे असते, ही वाटणी सारखी. ओळ भरायची ती पुरी सातची, हाड अख्खं राहिलं पाहिजे आणि शेवटी हातात काही उरता कामा नये. तिन्ही जमलं तरच म्हणायचं, भाग जातो.”

“म्हणजे माझ्या लग्नातल्या मेंढ्याला चाळिसांनी भाग गेलाच नाही?”

“तो कापला गेला. ते वेगळं.”

लग्नातला मेंढा असा इतक्या वर्षांनी हातचा जावा याचं बुरुलकानला वाईट वाटलं. पण ओळी समोर होत्या आणि ओळी खोटं बोलत नव्हत्या.

“बरं, यात भागतो कोण? मेंढरं सातला भागतात, की सात मेंढरांना?”

“सात भागतो. पन्नास भागले जातात. सात म्हणजे सुरी, पन्नास म्हणजे पुढ्यातलं जनावर. लोक उलटं बोलतात आणि मग रडतात.”

“म्हणजे सुरी चावीवाल्याच्या हातात.”

“बोर्ड त्याने रंगवला, तेव्हा हो.”

“आणि असा कोणी आकडा आहे का, जो कुणालाच मागे ठेवत नाही?”

“एक. एकाने कशालाही भाग जातो.”

“सभ्य आकडा आहे. तो का नाही घातला बोर्डावर?”

“डिझेल,” मास्तर म्हणाले.

“आता हे सांगा,” बुरुलकानने उरलेलं हाड त्यांच्या नाकासमोर धरलं. “हे उरलं. पण मी ओळी लावताना हे आधी उचललं असतं तर दुसरंच उरलं असतं. मग खरं उरलेलं कोणतं?”

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “जन्मभर शिकवलं, पण हे कोणा पोराने विचारलं नाही. गणित फक्त किती ते सांगतं, बुरुलकान. कोण ते सांगत नाही. नाव माणसाने द्यायचं.”

ती कळपात परतली आणि शेष शोधू लागली. आधी वाटलं, टकली आयपेरी असेल. तिच्या पाठीवर लोकरीपेक्षा वाऱ्याचाच मुक्काम जास्त. पण आयपेरीने दोन हिवाळे जुळी दिली होती. मग ती लंगडी? ती तर वाट काढत पुढे चाले, अख्खा कळप तिच्या मागे. काळतोंड्याला बुरुलकानने चुलीपाशी बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. तो अजून तिच्याच दाराशी निजे. ती एकेकीचं तोंड धरून डोळ्यांत बघत गेली. पन्नासांत एकही डोळा ‘मी उरलेली’ असं म्हणत नव्हता.

“एक कापून खा आणि मोकळी हो, जेंगे!” कुंपणावरून आवाज आला. ओस्मोनकुल. जेंगे म्हणजे वहिनी, पण त्याच्या तोंडी तो शब्द दगडासारखा येई. बुरुलकानची थोरली कढई त्याने एका समारंभाला नेली होती आणि कड फुटलेली परत केली होती. तेव्हापासून दोन्ही घरं कुंपणावरूनच बोलत, तेही भांडणापुरतं. “एकोणपन्नास होतील. बोर्ड खूश.”

“पाहुणा आला तर कापीन. बोर्ड माझा पाहुणा नाही, टोपीवाल्या. सातच्या हुकमावर मी सुरी धरत नाही. तुझं काय? तुझी किती?”

“चौतीस. सहा ठेव म्हणतो तो मेला. सहा! एखादी मेंढी रात्रीतून व्याली असती तर सुटलो असतो. सगळ्यांच्या पोटाला कान लावून आलो. आत फक्त गवत.”

मास्तरांकडून आणलेलं हाड बुरुलकानने मुठीत दाबलं. एका बाजूला एक उरलं होतं, दुसऱ्या बाजूला सहा.

“टोपीवाल्या,” ती हळूच म्हणाली, “इकडे ये.”

“का? कढई काढशील.”

“कढई काढते. पण आधी मेंढरं काढते. तुझी सहा आणि माझी एक, किती झाली?”

ओस्मोनकुलने बोटं मोजली. मग कुंपणावरून उडी मारली. त्याला पंधरा वर्षांचा पोरगा असल्यासारखं वाटलं, पण कुंपणाने सत्तरीचा गुडघा ओळखला आणि त्याला तोंडघशी पाडलं. तशाच अवस्थेत, गवतात, तो हसू लागला. “खोका भरला! अगं जेंगे, खोका भरला!”

“उठ. आणि नवी कढई मला हवीच आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांचे कळप मिसळून काठावर उभे होते. ओस्मोनकुलची बायको, दोन सुना आणि पंच म्हणून मास्तर गाढवासह हजर. शेरगाझी आला आणि त्याची मिशी एका बाजूने वर गेली.

“हे काय मिश्रण?”

“चौऱ्याऐंशी,” मास्तर म्हणाले. “सात बारे चौऱ्याऐंशी. शेष काही नाही.”

“बोर्ड वाचा आगाय. ‘ज्या घराच्या.’ ही दोन घरं आहेत. एकाचं धुराडं इकडे, एकाचं तिकडे.”

“घर धुराड्याने ठरतं की बापाने?” बुरुलकानने विचारलं.

“बापाने,” ओस्मोनकुल म्हणाला.

“मग सांग तुझे सात बाप, पिढीमागून पिढी. मला सासऱ्यांची नावं घेता येत नाहीत, नाहीतर मीच म्हटली असती. झोपेतसुद्धा येतात मला.”

ओस्मोनकुलने टोपी सरळ केली आणि दरीकडे तोंड करून म्हटलं, “सादिर. सादिरचा बाप मुसा. मुसाचा अशिम. अशिमचा तिलेक. तिलेकचा सारिबाय, सारिबायचा एसेन, एसेनचा अकमात.” ताश-बुलाकची दरी दुसरं काही ऐको न ऐको, बापांची नावं ऐकते. सातही नावं पलीकडून परत आली, आणि आगायांचं गाढव खाली बसलं.

“यातलं दुसरं नाव माझ्या नवऱ्याच्याही आजोबांचं, हे सगळ्यांना ठाऊक आहे,” बुरुलकान म्हणाली. “म्हणजे ते एक घर. आता तू म्हण, चावीवाल्या. येत नसतील तर राहू दे. दमवत नाही तुला.”

सात बाप सांगता न येणाऱ्या माणसाला त्या डोंगरात कुत्रंसुद्धा आपलं म्हणत नाही. शेरगाझीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “कासिम!” तो ओरडला. “कासिमचा बेलेक! बेलेकचा जानताय! जानतायचा तिलेक...”

तिलेक म्हणताच तो थांबला. पण बापाच्या नावावर कोणी मधेच थांबत नसतं. “सारिबाय,” तो हळू म्हणाला. “एसेन. अकमात.”

“तिलेकचेच सगळे,” मास्तर म्हणाले. “घर एक.”

“तर मग घराचा कळप मोजायचा,” बुरुलकान म्हणाली. “सगळा. तुझाही.”

शेरगाझीचा कळप गेल्या वर्षी न मोजताच पलीकडे गेला होता, कारण बोर्ड रंगवणाऱ्याला बोर्ड वाचावा लागत नाही. पण आता अकमातपर्यंतचे सगळे बाप दरीत उभे राहून ऐकत होते. ओस्मोनकुलने त्याच्या वाड्याचं फाटक उघडलं आणि मोजलं. एकशेवीस.

मास्तरांनी धुळीत काठीने लिहिलं. “दोनशे चार. सात एकोणतीस दोनशे तीन.” काठी थांबली. “शेष एक.”

ओस्मोनकुलच्या सुनांनी एकदम श्वास घेतला. शेरगाझीच्या मिशीत जीव आला.

“पाहिलंत? फिरून तिथंच! शेष एक. ती टकली ठेवा, अपा.”

“तिचं नाव आयपेरी. मी शेषाचं नाव विचारलं होतं, मेंढीचं नाही.”

“तुम्हीच सांगा आगाय, शेष कोण?”

“ते गणिताला ठाऊक नाही,” मास्तर म्हणाले. “खोके भरत जा. शेवटी या काठावर जो उभा असेल तो.”

यात कुणाला काही खोट काढता येईना. इंजिन खोकलं, धूर निघाला, खोका हलला. सात गेली, रिकामा खोका आला, परत सात गेली. आयपेरी गेली, लंगडी गेली, काळतोंड्या बुरुलकानच्या पायात घुटमळला आणि गेला. शेरगाझी एका डोळ्याने इंजिन सांभाळत होता आणि दुसऱ्याने रांग. आपली पुढे सारायची, दुसऱ्याची मागे राखायची असा त्याचा बेत होता, पण ओस्मोनकुलच्या सुना रांगेला उभ्या होत्या. त्यांच्या हातात काठ्या होत्या आणि गेल्या वर्षीची पाच मेंढरं त्यांच्या डोक्यात होती. रांग जशीच्या तशी सरकली. दुपार कलली तेव्हा धूळ खाली बसली आणि काठावर एकच जनावर उरलं.

तो सुलतान होता, शेरगाझीचा मेंढा. त्याची शेपटी इतकी जड की तिच्यासाठी मालकाने स्वतंत्र चाकांची गाडी करवली होती. सुलतान मोजणी झाल्यापासून बोर्डाच्या सावलीत झोपला होता आणि रांग वगैरे गोष्टी त्याने कधी मनावर घेतल्या नव्हत्या.

कोणी हसलं नाही. बुरुलकानलाही हसू आलं नाही. तिने बोर्डाकडे पाहिलं, सुलतानकडे पाहिलं, मग त्याच्या मालकाकडे. तो घामाने भिजला होता. त्या डोंगरातल्या लांडग्याला शेरगाझीइतकं जवळून कोणीच ओळखत नव्हतं.

“एक फेरी जास्त मारू,” तो म्हणाला. “एकासाठी. काय बिघडतं?”

“डिझेल,” मास्तर म्हणाले.

“माझं डिझेल!”

“बोर्ड वाच,” बुरुलकान खोक्याच्या दारात जाऊन बसली. “मोठ्याने वाच. तुझंच अक्षर आहे.”

“या वेळेपुरती सूट देतो. अध्यक्ष म्हणून.”

“सूट कोणाला हवी आहे? पुढच्या वर्षी सूट विसरेल आणि बोर्ड लक्षात राहील. या मेंढ्याला नाव आहे ना?”

“आहे म्हणजे? सुलतान!”

“माझ्या पन्नासांनाही आहेत. नाव असलेलं जनावर उरलेलं नसतं, चावीवाल्या. एवढंच मी तुला काल सांगत होते. उखड तो बोर्ड.”

शेरगाझी बोर्डापाशी गेला. खिळे त्याने स्वतः ठोकले होते, चांगले लांब. ते काढायला त्याला इतका जोर लागला की शेवटचा खिळा निघाला तेव्हा खालच्या गावातली एक भिंत सैल झाली म्हणतात. बुरुलकानने बोर्ड हातातून घेतला, अक्षरं वर येतील असा खोक्याच्या उंबऱ्याला तिरका टेकवला आणि सुलतानला हाळी दिली. सुलतान उठला. निळ्या अक्षरांवर एकेक खूर ठेवत, ‘निःशेष’वर जरा थांबून, तो खानासारखा खोक्यात चढला. त्याची गाडी मागून खडखडत आली.

“आता सहा जागा रिकाम्या,” बुरुलकान म्हणाली. “रिकामा खोका नेणं बरं नाही. चला गं!”

ओस्मोनकुलच्या दोन्ही सुना चढल्या. त्यांची सासू चढली. ओस्मोनकुल चढला, गुडघ्याला शिव्या देत. मास्तर चढले, गाढवाने वाडी राखायचं कबूल केलं. शेवटी बुरुलकान चढली आणि दाराला अडसर घातला.

“सात,” मास्तर सवयीने म्हणाले. “निःशेष.”

“आणि मी?” शेरगाझी काठावरून ओरडला. गळ्यातली चावी तशीच लोंबत होती. इंजिन अलीकडे होतं आणि ते चालवायला दुसरं कोणी अलीकडे नव्हतं.

“आधी आम्हाला पोचव. सुलतानला वारा बाधतो.”

इंजिन खोकलं. खोका काठापासून सुटला आणि दरीच्या मधोमध गेला, जिथं टोप्या जुन्या होतात. मागे काठावर एक माणूस दिसत होता, धुरात, एकटा, हात उंच केलेला.

“रात्री लांडगा आला तर कांदा चिरून ठेव!” ओस्मोनकुल ओरडला.

“जेंगे,” त्याच्या बायकोने बुरुलकानचा पदर ओढला, “काठावर एक उरलं की हो.”

“उरलं,” बुरुलकान म्हणाली. मुठीतलं घोट्याचं हाड तिने दरीत टाकलं. मग ती उठून उभी राहिली, दोर धरला, आणि लग्न होऊन आल्या दिवसापासून जे नाव तिने जिभेवर येऊ दिलं नव्हतं, ते छातीभर श्वास घेऊन दरीला सांगितलं.

“शेरगाझी!”

सासूबाई असत्या तर तोंडावर पदर घेतला असता. दरीने नाव झेललं, पलीकडच्या कड्याला दिलं, कड्याने परत केलं. शेरगाझी, शेरगाझी, शेरगाझी. कुरणावरच्या दोनशे तीन मेंढरांनी माना वर केल्या, आणि अलीकडच्या काठावरचा माणूस, आपल्याला कोणीतरी बोलावतंय असं वाटून, ओ देत राहिला.